सुप्याचा जाळ आणि रागाची पडताळणी

१२ मे १८७५. सुप्याच्या आठवडी बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या कुणब्यांनी त्या दिवशी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. धान्य लुटले गेले, कापड लुटले गेले, काही ठिकाणी आगही लावली गेली. पण जमावाचा खरा रोख होता कागदांवर. कर्जरोखे, वह्या, न्यायालयाचे हुकूमनामे जे हाती लागले ते जाळले गेले. पुढच्या आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले, लष्कर बोलावले गेले आणि ९५१ माणसांना अटक झाली. पाठ्यपुस्तकांत आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणून जे वाचतो, त्याची ही पहिली ठिणगी.

शिवचरित्राच्या वाचकांना हे गाव ‘पुणे-सुपे’ जहागिरीतले सुपे म्हणून परिचित असेल. १८७५ साली ते भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. बारामतीच्या एका अंगाला सुपे, दुसऱ्या अंगाला इंदापूरच्या वाटेवर आमचे भवानीनगर. त्यामुळे या दंग्याविषयी मला नेहमीच थोडी घरगुती आस्था वाटत आली आहे. मात्र आजचा धागा दंग्याच्या घटनाक्रमाविषयी नाही. तो रागाविषयी आहे, आणि राग ‘हाताळायला शिकणे’ या गोष्टीलाही एक इतिहास आहे, त्याविषयी आहे. धागा लांबेल. सवडीने वाचावा.

निमित्त असे की गेले काही महिने मी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, या पद्धतीतील कौशल्ये एका गटात शिकते आहे. मराठीत तिला ‘द्वंद्वात्मक वर्तनोपचार’ म्हणता येईल. आठवड्यातून एक बैठक, घरी करायचा सराव, सरावाची नोंदवही. मी हे घरी सांगितले तेव्हा माझ्या चुलत भावाने एकच प्रश्न विचारला : “म्हणजे राग गिळायला शिकवतात का?” प्रश्न थट्टेचा होता, पण मला तो सोडवेना. शेतकऱ्याला, बाईला, गड्याला राग गिळायला शिकवण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. हे नवे शास्त्र त्याच परंपरेची इंग्रजी आवृत्ती असेल तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापासून चार हात दूरच राहावे.

आधी या पद्धतीची जन्मकथा. मार्शा लिनेहान यांचा जन्म १९४३ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरी झाला. १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या हार्टफर्ड येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात दाखल झाल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. स्वतःला इजा करणाऱ्या, जगणे नकोसे झालेल्या त्या मुलीला तेव्हाच्या उपचारांनी फारसे काही दिले नाही. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या, सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, आणि स्वतःसारख्याच माणसांसाठी उपचार घडवू लागल्या. त्यांच्या पद्धतीची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, ग्रंथ आणि कौशल्य-पुस्तिका १९९३ मध्ये. आपण स्वतः त्या रुग्णालयात होतो, हे मात्र त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २०११ साली, त्याच रुग्णालयात उभे राहून. पन्नास वर्षे मधे गेली होती.

लिनेहान मूळच्या कडक वर्तनवादी. त्यांनी प्रथम जे केले ते सरळ होते : समस्या ओळखा, वागणे बदला. रुग्ण चिडू लागले. “म्हणजे चूक माझीच” असा त्याचा अर्थ त्यांना लागत होता. मग त्यांनी दुसरे टोक गाठले : नुसते ऐकून घ्या, आहे तसे स्वीकारा. तेव्हाही रुग्ण चिडले, कारण माणूस आगीत उभा असताना ‘तुझे भाजणे मला समजते’ एवढे म्हणून भागत नाही. शेवटी दोन्ही एकाच बैठकीत, एकाच वाक्यात आणण्याची कसरत त्यांना करावी लागली : तू आहेस तशी समजण्याजोगी आहेस, आणि तुला बदलावे लागेल. हा मार्ग ‘डायलेक्टिकल’ आहे हे त्यांच्या लक्षात आणून दिले त्यांच्या कार्यालयातील एका सहकारी बाईंनी, ज्यांचे पती मार्क्सवादी तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. म्हणजे वाद, प्रतिवाद, संवाद ही हेगेलपासूनची जी त्रयी आपण ऐतिहासिक भौतिकवादाच्या तासाला घोकतो, ती अशी मागच्या दाराने मनोरुग्णालयात शिरली. हा तपशील मला फार आवडतो.

कौशल्यांचे चार गट आहेत. सजगता, संकट सोसण्याची कौशल्ये, भावनांचे नियमन आणि परस्परसंबंध. पूर्ण अभ्यासक्रम साधारण २४ आठवड्यांचा, आणि बहुधा तो दोनदा करतात. सजगतेचा भाग लिनेहान यांनी झेन परंपरेकडून घेतला. त्यासाठी कॅलिफोर्नियातील शास्ता अ‍ॅबी येथे आणि जर्मनीत विलिगिस येगर या बेनेडिक्टाइन साधू व झेन गुरूंकडे त्या शिकल्या. संकट सोसण्याच्या भागात अगदी देहाच्या पातळीवरच्या युक्त्या आहेत : चेहरा थंडगार पाण्यात धरणे, श्वास लांबवणे, जोरात चालून येणे. डोक्यात राख घालून घेतलेल्या माणसाला तत्त्वज्ञान ऐकू येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

चुलत भावाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिसऱ्या गटात आहे. तिथे एक कौशल्य आहे, ‘चेक द फॅक्ट्स’, म्हणजे वस्तुस्थितीची पडताळणी. भावना उसळली की तिला आधी नाव द्यायचे. मग ती कोणत्या घटनेने उसळली ते लिहायचे : फक्त घटना, टीकाटिप्पणी नाही. त्यानंतर त्या घटनेवर आपण कोणते अर्थ चढवले ते वेगळे काढायचे. आणि शेवटी प्रश्न : ही भावना, आणि तिचा हा जोर, वस्तुस्थितीशी जुळतो का? राग केव्हा जुळतो, याचे निकषही दिलेले आहेत. महत्त्वाचे उद्दिष्ट कोणी अडवले असेल, आपल्यावर किंवा आपल्या माणसांवर घाला आला असेल, अपमान झाला असेल, तर राग जुळतो.

इथून दोन वाटा फुटतात. जुळत नसेल तर ‘विरुद्ध कृती’ : राग म्हणतो धावून जा, तर आपण बाजूला व्हायचे, थोडे सौम्य वागायचे. जुळत असेल तर मात्र शांत होण्याचा उपदेश नाही. तिथे पुढची पायरी प्रश्न सोडवण्याची आहे : परिस्थिती बदला. राग ही तिथे व्याधी नसते. ती बातमी असते.

आता ही पडताळणी सुप्याला लावून पाहू. भूतकाळातल्या माणसांना मानसोपचाराच्या खुर्चीत बसवणे हा प्रकार मला आवडत नाही, आणि तो मी करत नाही. मी फक्त त्यांच्या रागाची कागदपत्रे तपासते.

घटना कोणत्या? १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्जे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, उधारी आटली. त्याच सुमारास तीस वर्षांचा सारा-करार संपत होता. इथे आमच्या इंदापूर तालुक्याचा संबंध थेट येतो. मुंबई इलाख्यातील सुधारित रयतवारी मोजणीचा प्रयोग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरातूनच सुरू केला होता, त्यामुळे फेरआकारणीची पाळीही सर्वप्रथम इंदापूरवरच आली, १८६७ च्या आसपास. दख्खनमध्ये ही वाढ ५० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत गेली. पीक पडत्या भावाचे, सारा चढत्या भावाचा.

त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य धरायचा, म्हणजे व्याज साठत जाणार नाही, असा त्यामागचा सदहेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि त्यात जुने मुद्दल अधिक जुने व्याज हे नवे मुद्दल होऊ लागले. रयतेला वाचता येत नव्हते. ती अंगठा उठवत होती. काय लिहिले आहे हे न कळता आपल्या जमिनीवर पाणी सोडणारा कागद आपण केला, आणि न्यायालय तोच कागद पुरावा म्हणून उचलून धरते, हा अनुभव घरोघरी होता.

उद्दिष्ट अडवले गेले होते का? होय. घाला आला होता का? होय. अपमान? तोही. राग वस्तुस्थितीशी जुळत होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या रागाने निशाणा कशावर धरला. सरकारने नेमलेल्या दख्खन दंगा आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. त्यात नोंद आहे की दंगेखोरांचा हेतू बहुतेक ठिकाणी कर्जाचे कागद मिळवून ते नष्ट करणे हाच होता. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे सहसा पुढे काही झाले नाही. माणसांवरचा हिंसाचार एकूण थोडा. हजारो माणसांच्या उसळलेल्या रागात एवढी निवड टिकून राहिली, याचे आश्चर्य इतिहासकारांना आजवर वाटत आले आहे.

पण पडताळणी करायची तर ती पुरती करावी. जमावाचा रोष मुख्यतः गुजर आणि मारवाडी सावकारांवर होता. गावातल्याच ब्राह्मण किंवा अन्य सावकारांना अनेक ठिकाणी हात लागला नाही, जरी व्याज तेही घेत होते. ‘परका’ हा अर्थ घटनेवर चढवलेला होता, आणि तो वस्तुस्थितीशी पूर्ण जुळत नव्हता. शिवाय कागद जळले म्हणून सारा कमी झाला नाही. रागाचा एक मोठा धनी, म्हणजे सरकार, त्या जाळाच्या आवाक्यातच नव्हता.

आणि याच सरकारने पुढे न्यायाधीशाची भूमिका घेतली. वाढीव सारा हे दंग्याचे कारण आहे का, हे तपासण्याचे काम आयोगाकडे होते. सगळा पुरावा मांडून झाल्यावर आयोगाने निष्कर्ष काढला की सरकारची मागणी कारणीभूत नाही, दोष सावकारांचा. वसाहतीच्या सत्तेला स्वतःमुळे जनता चिडली हे मान्य करणे जड जाते, हे आपण इतिहासात वारंवार पाहतो. डीबीटीच्या भाषेत याला ‘इनव्हॅलिडेशन’ म्हणतात : समोरच्याच्या भावनेला ‘तुला तसे वाटण्याचे कारणच नाही’ असे सांगणे. लिनेहान यांची उपपत्ती अशी की मुळात हळवा पिंड आणि वर्षानुवर्षे असे नाकारणारे भोवताल, या दोहोंच्या संयोगातून भावनांचा तोल जाण्याची सवय जडते. त्या घराविषयी बोलत होत्या. मी राज्याविषयी बोलते आहे. तुलना ताणलेली आहे हे मला कळते, पण वस्तुस्थिती ‘कोणाची’ धरायची हा प्रश्न घरातही तोच असतो आणि अहवालातही.

‘भावनांचा इतिहास’ ही आता इतिहासलेखनाची रीतसर शाखा आहे. तिच्यातले एक महत्त्वाचे नाव विल्यम रेड्डी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ‘मला राग आला आहे’ हे वाक्य आतल्या रागाचे नुसते वर्णन करत नाही, ते उच्चारताच राग बदलतो, वाढतो, निवतो, दिशा घेतो. डीबीटीतले ‘भावनेला नाव द्या’ हे त्याचेच प्रात्यक्षिक. हे वाचताना मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे, भावाचा अभिमान आहे, नवऱ्याच्या माराची तक्रार आहे. जी बाई घरात तोंड उघडू शकत नव्हती ती पहाटे दगडाला सगळे नावानिशी सांगत होती.

मात्र ओवीने सासू बदलली नाही. इथेच ‘सोसणे’ आणि ‘स्वीकारणे’ या दोन मराठी शब्दांतले अंतर मला मोलाचे वाटते. सोसणारी बाई म्हणते, हे असेच राहणार. डीबीटीतला ‘मूलगामी स्वीकार’ म्हणतो, हे आत्ता असे आहे. आधी हे नीट पाहू, मग काय बदलता येते ते ठरवू. स्वीकारात संमती नाही. रोख्यावर माझा अंगठा आहे, हे मान्य केल्याखेरीज तो रोखा खोटा ठरवण्याची तयारीच सुरू होत नाही.

आता महाराष्ट्रात हे ‘शिकणे’ कसे आले ते पाहू. डीबीटीच्या कितीतरी आधी आपल्याकडे अल्बर्ट एलिस पोहोचले होते. घटना आपल्याला त्रास देत नाही, घटनेविषयीचा आपला हट्टी विचार देतो, हे त्यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे सूत्र. सुरुवात १९५५ ची. मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि तिचे धडे इथे दिले. मराठी वाचकाला एलिस आज घरचा वाटतो, त्याचे मोठे श्रेय फडक्यांचे. पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि मनाच्या आरोग्याची भाषा व्याख्यानांतून, पुस्तकांतून, नाट्यातून घराघरांत नेली.

त्याआधीचे एक वर्ष मला विशेष वाटते : १९८६. त्या वर्षी २९ ऑगस्टला पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. तेव्हा गर्दचे व्यसन शहरांत पसरत होते. मुक्तांगणात गटात बसून आपले सांगणे, दुसऱ्याचे ऐकणे, आजचा एक दिवस व्यसनाविना काढणे, हे सगळे शिकवले जाऊ लागले, आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांनाही त्यात घेतले गेले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या परंपरेतली जी प्रार्थना अशा गटांत म्हणतात, तिचा आशय बदलता न येणारे स्वीकारण्याचे बळ आणि बदलता येण्याजोगे बदलण्याचे धैर्य असाच आहे. लिनेहान यांच्या ‘स्वीकार आणि बदल’ या जोडीची ही थोरली बहीण म्हणता येईल.

आणि त्याच १९८६ मध्ये, सप्टेंबरात, मुंबई उच्च न्यायालयाने ‘मारुती श्रीपती डुबल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात निकाल दिला. डुबल हे मुंबई पोलिसांतील शिपाई. अपघातानंतर त्यांना मानसिक आजार जडला होता. जीव देण्याचा प्रयत्न केला म्हणून त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली खटला भरला गेला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. दुःखाच्या टोकाला गेलेल्या माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचाराची गरज असते, असा त्या निकालाचा गाभा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पुन्हा वैध मानले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला, २०१८ पासून लागू झाला, आणि त्याने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेले नाही. तीस वर्षांहून अधिक काळ एका माणसाच्या वेदनेवर कायदा असा मागेपुढे होत राहिला. (वाचताना कोणाला स्वतःसाठी मदत हवी वाटली तर ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, आणि ती मराठीतही बोलते.)

अशा धाग्यांखाली एक प्रतिसाद हमखास येतो : “हे सगळे आपल्या संतांनी आधीच सांगून ठेवले आहे.” त्यात तथ्य आहे. रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ २०५ आहेत आणि ते सारे मनाला समोर बसवून बोललेले आहेत. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीमार्गे भवानीनगरच्या वाटेने सणसरला मुक्कामाला येते, तेव्हा या रस्त्यावरून जाणाऱ्या अभंगांत मनाशी केलेली भांडणे कितीतरी असतात. परंपरा तर असेही सांगते की सावकारी घरात जन्मलेल्या तुकोबांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. सुप्याच्या ऋणकोंनी कागद जाळले त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी देहूच्या एका धनकोने ते स्वतः होऊन पाण्यात सोडले होते. दोन्ही प्रसंग मनात शेजारी ठेवून पाहा.

तरीही ‘आधीच सांगितले आहे’ हे उत्तर मला पुरत नाही. सांगणे आणि शिकवणे यांत फरक आहे. ‘क्रोध आवर’ हे वचन आहे. क्रोध आला की पहिल्या मिनिटात शरीराचे काय करायचे, दुसऱ्या मिनिटात काय लिहायचे, पुढच्या बैठकीत ते गटापुढे कसे मांडायचे, आणि हे सगळे लाभते की नाही हे चाचणीने कसे तपासायचे, हा वेगळा उद्योग आहे. वारकऱ्यांना नित्यनेमाचे महत्त्व ठाऊक असल्याने हा फरक त्यांना बहुधा आपल्यापेक्षा लवकर कळेल. उलट बाजूने, हे शास्त्र सिएटलहून पेटीत बंद होऊन आले असे समजणाऱ्यांनी त्यातले झेन, त्यातला हेगेल आणि त्यातला रुग्णालयातला मुलीचा आक्रोश विसरू नये.

उरला चौथा गट, नात्यांचा. आमच्याकडे त्याची परीक्षा बांधावर होते. समजा कालव्याच्या पाण्याची पाळी आहे, रात्रीचे पाणी आहे, आणि चुलत्याने आपल्या वेळेत दांड फोडून पाणी त्याच्या उसाकडे वळवले. भावकीतला नेहमीचा मार्ग म्हणजे तीन पिढ्यांचे हिशेब काढणे. कौशल्य असे सुचवते : घडले तेवढेच सांगा (“अण्णा, काल रात्री आमच्या पाळीत पाणी तुमच्या सरीत गेलं”), त्याने काय वाटले ते सांगा, काय हवे ते स्पष्ट मागा (“पुढच्या पाळीतले दोन तास आम्हाला द्या”), आणि ते दिल्याने त्यांचाही काय फायदा आहे ते दाखवा. विषय भरकटला, अण्णांनी आजोबांच्या वाटणीचे काढले, तर त्यात न शिरता तेच मागणे पुन्हा मांडायचे. हे ऐकून चुलत भाऊ म्हणाला, “अण्णा ऐकणार नाहीत.” शक्य आहे. त्यासाठीही त्या पुस्तिकेत तक्ता आहे : मागणे किती जोराने मागावे आणि नकार किती ठामपणे द्यावा, हे नाते, हक्क, वेळ आणि आपली तयारी पाहून ठरवण्याचा.

मागणे, नकार आणि जोर यांचा हा हिशेब १८७५ च्या माणसांनीही मांडला होता. सुप्याच्या आधी शिरूर तालुक्यातील करडे गावी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध काळूराम नावाच्या सावकाराने हुकूमनामा मिळवला, तेव्हा गावाने प्रथम काठी उचलली नाही. न्हाव्याने सावकाराची दाढी करणे थांबवले, परटाने कपडे घेणे थांबवले, पाणक्याने पाणी भरणे थांबवले, दुकानात गिऱ्हाईक जाईना. तो बहिष्कार गावागावांत पसरला. जाळ झाला तो त्यानंतर.

१८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार मिळाला, आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणे थांबले. मुद्दल खरोखर किती होते, व्याज केव्हा मुद्दलात मिसळले, हे आता वादीलाच दाखवावे लागे. सावकारांनी त्यावरही तोड काढली आणि गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. ती कथा, आणि करड्याच्या बहिष्काराची सविस्तर हकिगत, पुढच्या धाग्यात.